नकाराचा अधिकार : जिमी हेंड्रिक्सची मरणोत्तर ध्वनिमुद्रणे

कलावंताच्या निधनानंतर त्याची अप्रकाशित निर्मिती प्रकाशात आणावी की नाही, हा प्रश्न सामान्यतः दोन हक्कांमधील संघर्ष म्हणून मांडला जातो : एकीकडे मृताची इच्छा, दुसरीकडे रसिकांचा अधिकार. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रकाशनयोग्य कलाकृती अगोदरच सिद्ध आहे, ती केवळ बंद पेटीत पडून राहिली आहे, असे दोन्ही पक्ष मानून चालतात. अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याच्या मरणोत्तर स्टुडिओ-ध्वनिमुद्रणांचा इतिहास नेमके हे गृहीतक तपासावयास भाग पाडतो.

हेंड्रिक्सचे निधन 18 सप्टेंबर 1970 रोजी लंडन येथे वयाच्या 27व्या वर्षी झाले. त्याच्या हयातीत त्याचे तीनच स्टुडिओ आल्बम प्रसिद्ध झाले होते : ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ आणि ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ (दोन्ही 1967) व ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ (1968). न्यूयॉर्कमधील त्याचा स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. एका नियोजित आल्बमसाठी गीतांच्या हस्तलिखित याद्याही त्याने केल्या होत्या. तथापि त्या याद्या म्हणजे निर्णय नव्हेत, निर्णयाकडे जाणाऱ्या वाटेवरील खुणा होत. काफ्काने आपली हस्तलिखिते जाळून टाकण्यास सांगितले होते. माक्स ब्रोडने ते मानले नाही. तेथे उल्लंघिण्यासाठी निदान एक आज्ञा तरी होती. हेंड्रिक्सने मृत्युपत्रही केले नव्हते. त्याच्या फितींबाबतचा नैतिक पेच आज्ञाभंगाचा नाही. आज्ञेच्या अभावी कोणी कसे वागावे, याचा आहे.

हा पेच समजून घेण्यासाठी स्टुडिओतील कलेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. मैफलीत वाजलेला स्वर परत घेता येत नाही. स्टुडिओत मात्र एकच गीत पुनःपुन्हा मुद्रित करता येते. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असते, त्यामुळे एखादे काढून टाकता येते, दुसरे त्यावर चढविता येते, सर्वांचे परस्परप्रमाण अखेरीस ठरविता येते. अशा ठिकाणी कर्तृत्व केवळ वादनात नसते. अनेक शक्यतांपैकी बहुतेकांना नकार देऊन एक शिल्लक ठेवणे, हीच रचनेची निर्णायक कृती ठरते. म्हणूनच फितीवर हेंड्रिक्सचे वादन आहे एवढ्यावरून तेथे त्याची कलाकृती आहे, असे सिद्ध होत नाही. त्याच्या मृत्यूने वादन थांबले, त्याचप्रमाणे नकाराचा अधिकार बजावणारी व्यक्तीही नाहीशी झाली.

ती रिकामी जागा पुढे वेगवेगळ्या व्यक्तींनी भरली. 1975 मध्ये निर्माते ॲलन डग्लस यांनी ‘क्रॅश लँडिंग’ हा आल्बम सिद्ध केला, तेव्हा हेंड्रिक्सचे गायन व गिटार राखून मूळ साथीदारांचे ड्रम व बास बाजूला सारण्यात आले आणि व्यावसायिक वादकांकडून नवी साथ मुद्रित करून घेण्यात आली. काही गीतांच्या श्रेयात सहरचनाकार म्हणून डग्लस यांचे नावही आले. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा प्रक्षेप होय. परंतु ग्रंथातील प्रक्षेप भाषेवरून, हस्तलिखितांच्या तुलनेवरून ओळखता येतो आणि संपादक तो कंसात टाकू शकतो. ध्वनिमुद्रणात सांधा ऐकू येऊ नये, हेच तर तंत्राचे कौशल्य असते. श्रोत्याला एका खोलीतील सहवादनाचा प्रत्यय येतो. प्रत्यक्षात काही वादकांची आपसात कधी भेटही झालेली नसते.

डग्लस यांना दोषी ठरवून प्रश्न मिटत नाही. ध्वनिमुद्रक एडी क्रेमर व ड्रमवादक मिच मिचेल यांनी मोठ्या आस्थेने सिद्ध केलेल्या ‘द क्राय ऑफ लव्ह’ (1971) या आल्बममध्येही ‘ड्रिफ्टिंग’ या गीतातील व्हायब्राफोन हेंड्रिक्सच्या मृत्यूनंतर जोडलेला आहे. 2010 मधील ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’मध्ये मिचेल व नोएल रेडिंग या जुन्या साथीदारांनी 1987 मध्ये केलेले वादन काही गीतांत मिसळले आहे. जवळच्यांचा प्रक्षेप अधिक सुसंगत असू शकतो, परंतु त्यामुळे तो प्रक्षेप असल्याचे नाकारता येत नाही. 1995 मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर वडील ॲल हेंड्रिक्स यांच्याकडे हक्क परत आले. न्यायाच्या दृष्टीने ही इष्टच घटना होती. मात्र वारशाने मालमत्ता मिळते, विवेक मिळत नाही. फितींचा वारस हा निवडीचा वारस असेलच असे नाही.

मग मूळ साथ पुनःस्थापित करणे हा उपाय मानावा काय? 2013 मधील ‘पीपल, हेल अँड एंजल्स’ने ‘क्रॅश लँडिंग’ हे गीत मूळ साथीदारांसह पुढे आणले. पाठशुद्धीच्या दृष्टीने हे मोलाचे काम आहे. तरीही शुद्ध पाठ आणि संमत पाठ या भिन्न गोष्टी आहेत. जे मुद्रण हेंड्रिक्सने हयातीत बाजूस ठेवले, ते निर्दोष स्वरूपात परत आणल्याने त्यास त्याची संमती लाभत नाही.

येथे समकालीन सिद्धान्तातील एक अडचणही उघड होते. रोलाँ बार्थने 1967 मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला तो वाचकाच्या मुक्तीसाठी. परंतु ती मुक्ती संहिता स्थिर असल्याचे गृहीत धरते. शब्द कोणते, याविषयी वाद नसतो, अर्थाविषयी असतो. हेंड्रिक्सच्या बाबतीत कर्त्याच्या प्रत्यक्ष मृत्यूनंतर संहिताच अस्थिर झाली, आणि मोकळ्या झालेल्या जागी श्रोता आला नाही. निर्माता, ध्वनिमुद्रक व हक्कधारक आले. कर्त्याचे नाव मात्र मुखपृष्ठावर पूर्वीपेक्षा ठळक राहिले.

यावरून ही ध्वनिमुद्रणे प्रकाशित होऊच नयेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ‘एंजल’सारखे गीत जगापुढे आले नसते, तर संगीताची हानी झाली असती, आणि ते ऐकताना होणारा आनंद खोटा नव्हे. प्रश्न त्या आनंदाचे ऋण कोणाच्या नावे मांडावे, हा आहे. जिवंत कलावंत आपल्या नावावर खपविलेल्या सदोष कृतीचा जाहीर इन्कार करू शकतो. मृताला ते शक्य नसते. म्हणून जे त्याच्या वतीने निवड करतात, त्यांच्यावर एक किमान बंधन येते : सांधा लपवू नये, कोणता स्वर केव्हा आणि कोणी जोडला हे सांगावे, आणि अपूर्णाला पूर्णाचे रूप देऊन त्यावर मृताची सही उमटवू नये. तुटलेल्या जागी थांबलेले मुद्रण तसेच ऐकविण्यात व्यावसायिक तोटा असेल. परंतु हेंड्रिक्सचा निर्णय अद्याप व्हावयाचा होता, ही त्या फितींवरील सर्वांत विश्वसनीय नोंद तेथेच टिकून राहते.