फावल्या वेळचे वैभव

मनुष्याचे शील त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगावरून ओळखावे, की फावल्या वेळात तो हौसेने जे करतो त्यावरून? प्रश्न जुना आहे. परंतु बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींस तो विशेष जवळचा आहे. दिवसभर आम्ही जे करतो ते आमचे नसते. नियम सरकारचा, मसुदा वरिष्ठांनी सुधारलेला, सही तिसऱ्याची. आमचे म्हणावे असे जे काही उरते, ते कचेरी सुटल्यानंतरच्या दोनतीन तासांत. तेव्हा त्या तासांचा हिशेब केव्हातरी घ्यावयास हवा.

ह्या विचारास निमित्त झाले ते एका इंग्रजी गीतसंग्रहाचे. अॅलेक्स टर्नर आणि माइल्स केन ह्या दोन तरुणांनी २००८ साली ‘द लास्ट शॅडो पपेट्स’ हे नाव घेऊन तो काढला. दोघेही त्या वेळी २२ वर्षांचे, आणि दोघांचेही स्वतःचे वेगवेगळे रॉक संच होते. टर्नर तर ‘आर्क्टिक मंकीज’ ह्या संचाचा गायक म्हणून विख्यातच होता. त्यांचा नेहमीचा बाज गिटार आणि ड्रम ह्यांचा, रोखठोक. ह्या जोडउद्योगात मात्र त्यांनी चाळीस वर्षांमागची वाट धरली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्कॉट वॉकर हा गायक ज्या थाटात गात असे, म्हणजे एका आवाजामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आणि पितळी वाद्यांचा गजर, तो थाट त्यांनी पुन्हा उभा केला. ओवेन पॅलेट ह्या कॅनडाच्या संगीतकाराने वाद्यमेळ रचला आणि ‘लंडन मेट्रोपॉलिटन ऑर्केस्ट्रा’ने तो वाजविला. संग्रह इंग्लंडात खपाच्या यादीत पहिल्या स्थानी गेला.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या वैभवाचा काळ आपण पाहिलाही नाही, त्याचा अंगरखा चढविण्यात पुरुषार्थ कसला? दुसरा असा की, हौसेच्या कामाला एवढा थाट हवाच कशाला?

पहिला आक्षेप आम्ही राहतो त्या भूमीवर टिकत नाही. साक्कोट्टै हे कुंभकोणच्या दक्षिणेस अगदी लागून असलेले गाव. तंजावरही येथून फार दूर नाही. त्या तंजावरास दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) पाश्चात्त्य वाद्यांचा बँड पदरी बाळगला होता. त्याच सुमारास व्हायोलिन कर्नाटक संगीतात आले आणि गायकाशेजारी मांडी घालून साथ करू लागले. आज त्याच्यावाचून येथील मैफल होत नाही, आणि ते परके आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. उसनी आणलेली वस्तू दीर्घ सेवेने आपली होते. मग ती परदेशातून उसनी आणली काय किंवा गतकाळातून आणली काय!

दुसरा आक्षेप मात्र विचार करावयास लावतो. एक गिटार घेऊन मनुष्य गातो, तेव्हा ते गाणे त्याचे एकट्याचे असते. वीसतीस वादक मागे बसले, की ते त्या सर्वांचे होते. थाट म्हणजे दुसऱ्यांचे श्रम; वैभव एकट्याचे कधीच नसते. म्हणून आमच्या मते थाट करण्यात दोष नाही. दोष आहे तो थाटाचे ऋण न मानण्यात.

त्या इंग्रज जोडीने घेतलेल्या नावाचा अर्थ ‘शेवटच्या छायाबाहुल्या’ असा होतो. तमिळनाडूत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा जो खेळ आहे, ज्याला येथे तोल्पावैकूत्तु म्हणतात, तो परंपरेने करणारी घराणी घरात मराठी बोलतात आणि आपले पूर्वज भोसल्यांच्या अमदानीत तंजावरास आले असे सांगतात, हे वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. त्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो. प्रेक्षकांस राम दिसतो, रावण दिसतो. खेळविणारा दिसत नाही. तेथे ते योग्यच होय, कारण छाया हीच तेथील कला. परंतु जेथे पडद्याची गरजच नाही, तेथेही आपण माणसे पडद्याआड बसवितो, आणि वाद आहे तो ह्याबद्दल.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे उदाहरण घ्या. त्या गाण्यांतील वाद्यवृंदाचे ऐश्वर्य ज्यांनी उभे केले, त्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. पडद्यावर नाव मात्र संगीत दिग्दर्शकाचे येई. गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे असेच एक व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळ रचणारे. त्यांनी १९५८ साली ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला, त्यात ११० वादक घेतले आणि भारतीय रागांवर रचलेल्या स्वतःच्या कृती सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गावयास होते. पोटाचा उद्योग ज्या कलेला पडद्याआड ठेवीत होता, तिला जोडउद्योगाने श्रोत्यांसमोर आणून बसविले. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते गाणे देशभर गाजले. पण ते नाव कोणाचे, हे गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक होते!

आता आपल्याकडे वळू. दक्षिणेतील एका मराठी मंडळाने जुन्या नाट्यसंगीताचा कार्यक्रम मोठ्या थाटात केला. गाणारे सारे आमच्यासारखे नोकरदार, हौशी आणि कष्टाळू. साथीस व्हायोलिन आणि मृदंग वाजविणारे दोन तमिळ वादक आणले होते. परक्या भाषेतील पदे त्यांनी दोन तालमींत आत्मसात केली. छापील पत्रिकेत अध्यक्ष होते, पाहुणे होते, अल्पोपहार देणारे होते. हे दोघे नव्हते. आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “त्यांना बिदागी दिली आहे.”

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. बिदागी न देता नुसते नाव छापणे ही तर लबाडीच होय, आणि पोट भरणाऱ्या वादकास नावापेक्षा चार रुपये अधिक प्रिय असतील तर त्यात त्याचे काही चुकत नाही. पण बिदागीने वेळेचा हिशेब मिटतो; सौंदर्याचा मिटत नाही. त्या संध्याकाळी टाळ्या ज्याला पडल्या, तो स्वर तिघांचा मिळून होता. तो एकट्याचा म्हणून मिरविणे हे असत्य आहे, आणि पैसे दिल्याने असत्याचे सत्य होत नाही.

ह्या बाबतीत आमचे शेजारी आमच्याहून शहाणे आहेत. येथील सभेच्या जाहिरातीत गायकाच्या नावाखाली व्हायोलिन कोणाचे, मृदंग कोणाचा, घटम् कोणाचा, हे नेमाने छापलेले असते. मैफलीत एक वेळ अशी येते की गायक थांबतो, मांडीवर ताल धरतो आणि मृदंगवादकास मोकळे रान देतो. तिला ‘तनि आवर्तनम्’ म्हणतात. राजमाणिक्कम् पिळ्ळै ह्यांच्या व्हायोलिनच्या साथीने कुंभकोणचे नाव दूरवर नेले. तंजावरचे मृदंगवादक नारायणस्वामी अप्पा तर मराठी. त्यांचे नाव येथील रसिक आजही आदराने घेतात. साथ करणाऱ्या मराठी माणसाचे नाव तमिळ समाजाने जपले. तमिळ साथीदाराचे नाव आपण एका पत्रिकेपुरतेही जपू नये काय?

कचेरीत निनावीपणा हा नियम आहे, आणि तो बराही आहे. टिपणी कोणी लिहिली ह्यापेक्षा ती न्यायाची आहे की नाही हे महत्त्वाचे. तेथे कोणावर अन्याय झाला तर नियमाकडे बोट दाखविता येते. फावल्या वेळात तशी सोय नसते. तेथे पत्रिकेचा मसुदा आपला आणि सहीही आपलीच. म्हणूनच मनुष्य कसा आहे हे त्याच्या हौसेत अधिक स्वच्छ दिसते. जुने वैभव पुन्हा उभारण्याची इच्छा ज्यांना होते त्यांनी ते अवश्य उभारावे, भरघोस उभारावे. मात्र पत्रिका छापावयास देण्यापूर्वी, ज्यांच्या हातांनी ते उभे राहणार, त्यांची नावे तीत आहेत की नाहीत एवढे एकदा पाहावे.