बर्फाचा खजिनदार

सिल्लोडला बर्फ मिळत नाही असं नाही. उन्हाळ्यात तो गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो, रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला मिळतो, लग्नसराईत लादीच्या हिशेबाने मिळतो. आभाळातूनही कधी कधी पडतो. पण तो गारांच्या रूपाने, आणि तेव्हा त्याच्यावरून घसरत जावं असं कोणाच्या मनात येत नाही. माणूस आधी मक्याकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि मग पंचनाम्याला तलाठी कधी येणार याची चौकशी करतो.

अशा या गावात एका रविवारी सकाळी आमचे सर घरी आले आणि मला म्हणाले, "लेका, तुला खजिनदार व्हायचंय."

सर म्हणजे आमच्या शाळेचे पी.टी.चे सर. वय पंच्याहत्तर, आवाज अजून मैदानावरचा. मी एका बँकेत क्लार्क आहे, पण सर हाक मारतात तेव्हा अजूनही माझे पाय आपोआप 'सावधान'मध्ये येतात. खजिनदारपदाचं मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे संस्था काढताना ज्याला काही काम नसतं त्याला अध्यक्ष करतात, ज्याला बोलता येतं त्याला सचिव करतात आणि जो बँकेत असतो त्याला न विचारता खजिनदार करतात. त्यात मी बी.कॉम. आळीतल्या गणेश मंडळापासून स्मशानभूमी सुधार समितीपर्यंत सगळीकडे मी खजिनदार आहे. सगळ्यांची मिळून शिल्लक काढली तर एक बरी सायकल येईल.

"कशाचा खजिनदार, सर?"

सरांनी खेळाचं नाव सांगितलं. ते मी इथे देत नाही. कारण पुढची हकिकत वाचून तुम्ही उगाच त्या खेळाला नावं ठेवाल, आणि खेळ बिचारा निर्दोष आहे. एवढंच सांगतो की तो बर्फावर खेळतात. गोळ्याच्या बर्फावर नव्हे, खऱ्या. मी तो कधी पाहिलेला नव्हता. सरांनीही नव्हता. स्वयंपाकघरातून सौ.ने विचारलं, "अहो, त्याला स्वेटर लागेल का?" आमच्या घरी या खेळाबद्दल झालेली तेवढीच तांत्रिक चर्चा.

आता बर्फाचा खेळ सिल्लोडपर्यंत पोचला कसा, हे सांगायला पाहिजे. कुठल्याही खेळाची एक राष्ट्रीय संघटना असते. तिला सरकारची मान्यता हवी असेल तर तो खेळ देशभर पसरलेला आहे असं दिसावं लागतं. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेत तर सर्वसाधारण दंडकच होता, की देशातल्या दोन-तृतीयांश राज्यांमध्ये शाखा हव्यात. कबड्डीचं ठीक आहे. पण बर्फाचं काय करायचं? जिथे खेळण्याजोगा बर्फ पडतो अशी राज्यं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मग उरलेली राज्यं कुठून आणायची? समुद्रकिनाऱ्यावरून आणायची, वाळवंटातून आणायची. राज्याची शाखा झाली की तिला जिल्हे दाखवावे लागतात. आणि असा उतरत उतरत बर्फ डोंगरावरून निघाला तो अजिंठ्याच्या घाटाजवळ, मिरचीच्या बाजारापाशी, आमच्या सरांच्या फायलीत येऊन थांबला.

फायलीत एक अर्ज होता. सरांनी सुवाच्य अक्षरात भरलेला. 'मैदानाची सोय' या रकान्यात 'उपलब्ध' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, शाळेला मैदान आहेच. 'हवामान'असा रकाना नव्हता, हे नशीब. शेवटी 'नोंदणीकृत खेळाडूंची संख्या' असा रकाना होता, आणि त्यात पेन्सिलीने २४ लिहिलं होतं.

"सर, हे चोवीस कोण?"

"होतील."

"पण आत्ता?"

"आत्ता हजेरीपटावरून घेऊ. तू सही कर."

मी म्हटलं, उद्या करतो. बँकेत वीस-बावीस वर्षं काढल्यावर माणूस कुठल्याही गोष्टीला पहिलं उत्तर हेच देतो.

रात्री झोप येईना. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सिल्लोडची चोवीस पोरं कागदावर बर्फावर खेळली म्हणून कोणाचं काय वितळलं? मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण काही वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण निघालं होतं, ते आठवलं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. त्या जागांवर, आयुष्यात कधी उडी न मारलेली माणसं उडी मारून जाऊन बसली. त्यांच्याही मागे कुठेतरी एक रकाना असणार, आणि रकान्याखाली सही करणारा कोणीतरी बी.कॉम. असणार.

पण खरी अडचण ती नव्हती. सर तसले नाहीत. त्यांना कोणाला नोकरी लावायची नव्हती की तिकिटाचे पैसे काढायचे नव्हते. माझी अडचण माझ्याच लहानपणात होती.

मी सहावीत असताना सरांनी खो-खो मंडळ काढलं. पाटी लावली, तालुक्याला नाव नोंदवलं. खो-खोला नऊ खेळाडू लागतात. सरांकडे सहा होते. त्यांनी उरलेली तीन नावं हजेरीपटावरून उतरवली. त्यातलं तिसरं माझं होतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी त्या वेळी पळण्यापेक्षा बसण्यात तरबेज होतो. यादीत नाव आहे म्हणून मैदानावर गेलो, मैदानावर गेलो म्हणून पळालो, आणि पुढे दोन वर्षं जिल्ह्याला खेळलो. म्हणजे बघा, मी स्वतःच एका खोट्या यादीतून निघालेला खरा खेळाडू. मी कोणत्या तोंडाने सरांना म्हणणार, की सर, खोटी यादी करू नका?

"पाटी आधी, पोरं मागून," हे सरांचं तत्त्वज्ञान. आणि ते सहज मोडीत काढता येत नाही. जगात कुठलीही संस्था निघते तेव्हा ती थोडी खोटीच असते. मोठ्या खेळाचं एक वेळ उलटं होत असेल, आधी खेळ आणि मग त्याची समिती. छोट्या खेळाला ती चैन परवडत नाही.

त्यातून बर्फ नाही म्हणून हसावं, तर तेही आता जमत नाही. जमैकात कुठे बर्फ पडतो? तरी १९८८ साली कॅलगरीला त्यांची चौघांची बॉबस्ले गाडी उतरली, उलटली, आणि ते चौघं गाडीच्या बाजूने चालत शेवटपर्यंत गेले. आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लेहला महाराष्ट्राच्या मुलामुलींनी बर्फावरच्या स्केटिंगमध्ये पदकं मिळवली. ज्यांच्या गावी दव पडलं तर वर्तमानपत्रात फोटो येतो त्यांनी! आपल्याकडची पोरं आधी चाकांच्या स्केट्सवर शिकतात आणि मग बर्फावर जातात. बर्फ असून खेळ नाही असंही होतंच. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फाचं बंदिस्त मैदान बांधलं, मग ते कित्येक वर्षं बंद पडून राहिलं, आणि २०२५ साली पुन्हा सुरू झालं. तेव्हा बर्फाचा आणि खेळाचा संबंध वाटतो तितका जवळचा नाही. दोघांच्या मधे वीजबिल असतं.

आणि वीजबिल कोणीतरी भरावं लागतं. इथे मला त्या राष्ट्रीय संघटनेच्या न पाहिलेल्या सचिवाबद्दल उगाच आपुलकी वाटायला लागली. मोठ्या खेळाच्या संघटनेला कचेरी असते, शिपाई असतो, भांडणंसुद्धा भरपगारी असतात. छोट्या हिवाळी खेळाच्या सचिवाची कचेरी म्हणजे, माझ्या डोळ्यांसमोर आलं ते, जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू. आंतरराष्ट्रीय महासंघाची वर्गणी परकीय चलनात पाठवायची, म्हणजे बँकेत जाऊन ए-टू फॉर्म भरायचा, आणि काउंटरवरच्या माझ्यासारख्याला समजावायचं की हे पैसे बर्फावर घसरण्यासाठी चालले आहेत. वार्षिक सभा घ्यायची, हिशेब तपासून घ्यायचे, राज्यांच्या शाखा जिवंत आहेत का हे पाहायचं. आणि खेळाडूचा प्रवेश अर्ज वेळेत पाठवायचा, कारण तो फक्त राष्ट्रीय संघटनेमार्फतच जातो. खेळाडू किती का वेगवान असेना, अर्ज एक दिवस उशिरा गेला की संपलं. हे सगळं केलं तर कोणी शाबासकी देत नाही. नाही केलं तर मात्र काय होतं, ते २०१४ साली सोचीला दिसलं.

शिव केशवन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर आमच्यासारखेच आहात. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा. ल्यूज नावाचा त्याचा खेळ. एका फळकुटाएवढ्या घसरगाडीवर उताणं पडायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या पन्हाळीतून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर खाली यायचं. ब्रेक नसतो. १९९८ साली नागानोला तो गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि तिथून २०१८ पर्यंत ओळीने सहा ऑलिंपिक खेळला. देशात ल्यूजची पन्हाळ नाही, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयाच्या रस्त्यांवर, ट्रक आणि शेळ्या-मेंढ्यांमधून सराव करायचा. (आमच्या अजिंठा रस्त्याचं काम जी कित्येक वर्षं रेंगाळलं, तेव्हा इथे उभं राहून जाणाऱ्या एस.टी.लाच ब्रेक असून नसल्यासारखा होता. उताणं पडून जायची कोणाची छाती झाली नसती.)

तर सोचीच्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. निवडणुकीच्या कारभारावरून डिसेंबर २०१२ पासूनच. ७ फेब्रुवारी २०१४ ला उद्घाटनाच्या संचलनात आपले तीन खेळाडू चालले ते तिरंग्यामागे नव्हे, ऑलिंपिकच्या पांढऱ्या झेंड्यामागे. केशवनची शर्यत होती ८ आणि ९ तारखेला. आणि इकडे दिल्लीत संघटनेची नवी निवडणूक झाली तीही ९ तारखेलाच. निलंबन उठलं ११ ला. म्हणजे झेंडा परत मिळाला तेव्हा हा गडी शर्यत संपवून बसला होता.

त्या ९ तारखेपाशी मी अडकलो. एकाच दिवशी एक माणूस ब्रेक नसलेल्या गाडीवरून खाली येतोय, आणि त्याचा झेंडा मतपेटीत अडकलाय. त्याने वीस वर्षं जे केलं ते सगळं खरं होतं, बर्फाइतकं खरं. पण कागद खरा नव्हता, म्हणून तो त्या दिवशी कोणाचाच नव्हता. मी आयुष्यभर कागदांना हसत आलो. बँकेतला माणूस दुसरं काय करणार? त्या रात्री मला पहिल्यांदाच वाटलं की कागद ही हसायची गोष्ट नाही.

मग सरांचे चोवीस आठवले. त्यांच्यामुळे सिल्लोडच्या बर्फाला जिल्ह्यात मान, जिल्ह्याला राज्यात मत, राज्याला दिल्लीत मत. म्हणजे वर कोण बसणार हे ठरवण्यात, कधी बर्फ न पाहिलेल्या माझ्या सहीचा वाटा असणार. आणि जो खरोखर बर्फावर पडतो, हाड मोडून घेतो, त्याचा? २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा सांगतो, की कार्यकारिणीत पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत आणि त्यांत निदान दोन नामवंत खेळाडू हवेत. चांगलं आहे. पण खेळाच्या संस्थेत निदान दोन खेळाडू असावेत हे कायद्याने सांगावं लागतं, म्हणजे बँकेत निदान दोन ठिकाणी पैसे ठेवावेत असा कायदा करण्यासारखं झालं.

आणि खो-खोच्या त्या यादीचं काय? पहाटेपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी मला फरक सापडला, किंवा निदान मी तो सापडवला. सरांनी माझं खोटं नाव लिहिलं ते सोमवारी, आणि मंगळवारी माझ्या कानाला धरून मला मैदानावर नेलं. ती यादी म्हणजे पुढल्या तारखेचा चेक होता आणि तो सरांनी वटवला. या चोवीसांना ते कान धरून कुठे नेणार होते?

सकाळी सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, खजिनदार होतो. पण रकान्यात शून्य लिहू."

"शून्य? मग मंडळ कसलं?"

"सर, आमच्याकडे जनधनची खाती निघाली तेव्हा किती तरी शून्य शिल्लकीची होती. ती खाती खोटी नव्हती. शून्य होतं आणि शून्यच लिहिलं होतं. पैसे आले तेव्हा आले. पण शून्य असताना चोवीस लिहिलं असतं, तर मी आज तुमच्यासमोर नसतो, पोलिसांसमोर असतो."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. सर रागावले की बोलतात, म्हणून मी जास्त घाबरलो. मग त्यांनी फाईल उघडली, खोडरबर शोधलं आणि चोवीस पुसलं. पुसताना म्हणाले, "तुझं नाव मी पेनने लिहिलं होतं, लेका." मला काय बोलावं कळेना. मी शून्य काढलं. चांगलं गोल काढलं. खाली सही केली.

अर्ज गेला. दुसऱ्याच महिन्यात सरांनी कुठून तरी चाकांच्या स्केट्सचे जुने चार जोड मिळवले आणि शाळेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर चार पोरं पडायला लागली. खेळतात म्हणणार नाही. पडतात. त्यातली एक सातवीतली मुलगी आहे, ती पडल्यावर आधी इकडेतिकडे बघत नाही, सरळ उठते. सर म्हणतात, हिला एकदा खरा बर्फ दाखवला पाहिजे. तिकिटाचे पैसे खजिनदाराने बघावेत असंही म्हणतात.

गेल्या आठवड्यात वरच्या कचेरीतून अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'खेळाडूंच्या संख्येचा रकाना रिकामा आहे. भरून फेरसादर करावे.'

सर फाईल घेऊन माझ्या काउंटरवर आले. रांगेत पंधरा माणसं उभी होती. सरांनी अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "आता? ते चार लिहायचे का?"

मी म्हटलं, "सर, ती चार चाकांवर आहेत, अजून बर्फावर नाहीत."

"मग?"

मी पेन उचललं आणि आमच्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे, माझ्या त्या गोल शून्यापुढे लिहिलं : अक्षरी, शून्य फक्त.