चहात बुडवलेला कागद

कागद जुना करायला फार काही लागत नाही. दोन कप पाण्यात तीन-चार चमचे चहापूड टाकून चांगली उकळायची, गाळून ताटात ओतायची आणि कोमट झाली की कागद त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायचा. आधी चुरगळून उलगडलात तर सुरकुत्या जास्त रंग धरतात. डाग हवे असतील तर ओल्या कागदावर चिमूटभर चोथा पसरायचा. कडा उदबत्तीनं जाळायच्या. मेणबत्तीनं नको, कागद भसकन पेटतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो गच्चीवर टाकून खाली पाणी प्यायला गेलात तर परत येईपर्यंत वाळलेला असतो. मग त्याची पाकिटं करा, डायरी शिवा, गुंडाळी करून लाल दोरा बांधा. मी गेली काही वर्षं हेच करून विकते. साखरपुड्याच्या आमंत्रणांना सगळ्यात जास्त मागणी असते.

हे करताना एक प्रश्न मला सतत टोचत राहतो. नव्या वस्तूला जुनी दाखवणं म्हणजे खोटं बोलणं आहे का?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाकिटात कसलं आलंय खरंखोटं? पण मी सोलापूरची आहे. इथे न विणलेली चादर कुणी ‘सोलापुरी’ म्हणून विकली की आम्हाला राग येतो. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कुणी लावायचं हे कायद्यानं ठरलेलं आहे. गावाचं नाव उसनं घेतलेलं चालत नाही, मग काळाचं कसं चालतं?

आधी त्या पिवळेपणाबद्दल. आपण पिवळा म्हणजे जुना असं धरून चालतो, पण कागदाचं वय आणि रंग यांचं नातं इतकं सरळ नाही. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक असतो. स्वस्त कागदात, विशेषतः वर्तमानपत्राच्या, तो तसाच राहतो आणि ऊन-हवा लागली की पिवळा पडतो. म्हणून खिडकीत विसरलेला पेपर महिन्याभरात म्हातारा दिसतो. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातानं कागद व्हायचा, चिंध्या आणि जुनी दोरखंडं कुटून. असल्या कागदात लिग्निन फारसं नसतं. शिवाय मोडी दस्तांची शाई काजळीची, ती उडत नाही. म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद कधीकधी तुमच्या आईच्या शाळेच्या वहीपेक्षा उजळ निघतो. मी असा एक पहिल्यांदा हातात धरला तेव्हा खरं सांगायचं तर माझा विरसच झाला. जुना वाटतच नव्हता!

म्हणजे आपण चहात बुडवून ज्याची नक्कल करतो तो काळ नव्हेच, तो स्वस्त कागदाचा आजार आहे. जाता जाता सांगते, पुण्यातल्या पेशवे दप्तरात हे कागद अजून रुमालांत बांधलेले असतात. चिंध्यांतून जन्म आणि कापडातच मुक्काम. गिरण्यांच्या गावातल्या मुलीला हे फार आवडतं.

आता खोटेपणाकडे येऊ. शिवजयंतीची आमंत्रणं खलित्याच्या रूपात येतात, गुंडाळी, गोंडे, लाखेची मोहोर. ती घेणाऱ्या कुणालाही हा खलिता रायगडावरून निघालाय असं वाटत नाही. नाटकातलं पत्रही असंच. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेला हा खेळ आहे, आणि खेळात फसवणूक नसते. दुसऱ्या टोकाला कोनराड कुयाऊ. 1983 साली ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिशा सापडल्या म्हणून गाजावाजा केला. त्या या कुयाऊनं लिहिल्या होत्या आणि जुन्या दिसाव्यात म्हणून वह्यांवर चहा ओतला होता. होय, चहाच! पकडला गेला तो कागदामुळे. त्यात चकाकी देणारं जे रसायन होतं ते महायुद्ध संपल्यावर वापरात आलेलं. तुमच्या प्रिंटरमधला कोरा कागद नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, कसा निळसर चमकतो बघा.

कृती तीच, साहित्यही तेच. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? बरेच दिवस माझं उत्तर तयार होतं: समोरच्याला माहीत असेल तर खेळ, नसेल तर फसवणूक. हे उत्तर एका गिऱ्हाइकानं अडचणीत आणलं.

ते काका होटगी रोडला नवा बंगला बांधत होते. मी मोडी शिकलेय हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दिवाणखान्यात लावायला त्यांना पणजोबांच्या नावाची सनद हवी होती. मोडीत, बोरूनं, भाजलेल्या कडांची.

“काका, सनद होती का खरंच?”

“होती म्हणतेत. वाळवीनं खाल्ली. होतं तेच परत करून दे की, काय होतंय त्यात?”

पैसे चांगले देणार होते. घरातल्या सगळ्यांना माहीत असणार होतं की ही नवी आहे. म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे खेळच. पण कागद माणसापेक्षा जास्त जगतो. ज्यांना माहीत आहे ती माणसं जातील आणि फ्रेम भिंतीवर राहील. काकांच्या नातवाच्या मुलाला कोण सांगणार, की ही सोलापुरातल्या एका पोरीनं गच्चीवर वाळवली? तेव्हा तर कागद खरोखरच जुना झालेला असेल. आज ज्यात कुणीच फसत नाही अशी वस्तू सत्तर वर्षांनी, कुणी काही न करता, आपोआप खोटं बोलायला लागेल.

जुन्या कागदाचं वजन काय असतं ते आपण नुकतंच पाहिलंय. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. माझ्याकडेही लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायचे. एका ओळीवर मुलाची फी, नोकरी अवलंबून. त्या ओळी बघताना हात जपून चालायचा.

तरी काकांचं म्हणणं मला सहज झटकता येत नव्हतं, आणि अजूनही येत नाही. भूतकाळ कागदावर असणं ही काही थोड्यांचीच चैन होती. माझे आजोबा यंत्रमागावर होते, आजी विड्या वळायची. दोघांच्या नावाचा जुना कागद म्हणाल तर आजीचं कारखान्याचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. ज्यांच्या सनदा वाळवीनं खाल्ल्या त्यांना निदान वाळवीचं नाव घेता येतं. आमच्यासारख्यांनी चहापूड घेऊन थोडा भूतकाळ बनवला तर कुणाचं काय गेलं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, बनवशील तो तरी कुणाचा? विडी कामगाराची सनद कुणी मागत नाही. सगळ्यांना सरदारच हवा असतो. खोट्या कागदानं आजी मोठी होणार नाही, तिच्या जागी दुसरीच कुणीतरी येऊन बसेल.

आमच्या घरी आजोबांनी आणलेले जॅकार्डचे पुठ्ठे आहेत. चादरीवरची नक्षी या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ठरते. एकेक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एकेक ओळ, दोऱ्यानं माळेसारखे ओवलेले. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, फ्रान्सच्या ल्यों शहरातली, आणि अलीकडेपर्यंत सोलापूरच्या मागांवर खडखडत होती. आमचे पुठ्ठे तेलानं काळवंडलेत, कडा बोटांनी गुळगुळीत झाल्यात. काहींच्या मी पुस्तकखुणा करून विकायला ठेवल्या. खपल्या नाहीत. एक मुलगी म्हणाली, “छान आहेत, पण थोड्या व्हिंटेज दिसत असत्या तर...” मला हसूही आलं आणि रागही. उरलेली माळ आता विकायची नाही असं ठरवलंय.

काकांना मी सांगितलं, करून देते, पण खाली आजची तारीख आणि ‘सोलापूर येथे तयार केली’ असं येईल. ते म्हणाले, मागच्या बाजूला लिही. मी नाही म्हटलं. फ्रेम केली की पाठ कुणाला दिसते? फोन ठेवला. काम गेलं असंच मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “ताई, ती तारीख मोडीत लिहिली तर चालंल का?”

पाहुण्यांना वाचता येणार नाही, हा त्यांचा हिशेब उघड होता. मी म्हटलं, मोडीतले आकडे बरेचसे आपल्यासारखेच दिसतात, साल कळेलच. मग म्हणाले, अक्षरी लिही. मी थोडा वेळ गप्प राहिले. दिवाणखान्यात चहा पिणाऱ्यांची फसगत होईल, थोडी. पण उद्या कुणी हा कागद पुरावा म्हणून उचललाच, तर तो मोडी वाचणाऱ्याकडेच न्यावा लागेल, आणि वाचणारा शेवटच्या ओळीपर्यंत येईलच. पाहुण्यांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

हो म्हटलं. कागद हातकागदच घेतलाय, चिंध्यांचा. काकांना सांगितलंय की तो फार पिवळा होणार नाही.