संकल्प आणि औषध : दारूच्या व्यसनापुढे धर्म व विज्ञान

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला पापी म्हणावे की रोगी? प्रश्न वरवर शब्दांचा वाटतो, पण घराघरांत त्याचे उत्तर रोज दिले जाते आणि त्या उत्तरावर एका माणसाचे प्राण अवलंबून असतात. पापी म्हटले की घरचे त्याला देवापुढे उभे करतात, शपथ घालायला लावतात. रोगी म्हटले की दवाखान्यात नेतात आणि काही दिवसांनी बरा झाला असे समजून घरी आणतात. पुष्कळदा दोन्ही घरांत थोड्या काळाने बाटली परत येते. मग पहिल्या घरातले म्हणतात, देवाधर्मात काही अर्थ नाही. दुसऱ्या घरातले म्हणतात, डॉक्टरांना काही कळत नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारलेला प्रश्न आठवा. मनात नसतानाही माणूस जणू कोणी बळेच ढकलल्यासारखा पापाकडे का जातो, असे तो विचारतो. व्यसनी माणसाची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की भगवंत त्याला रागावत नाहीत. ते शत्रूचे नाव सांगतात आणि तो कोठे ठाण मांडून बसला आहे तेही सांगतात : इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत. शत्रू तीन ठिकाणी असेल तर एकाच ठिकाणी लढून कसे भागेल?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील जवळजवळ ३ कोटी लोक तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत. अशा ३८ जणांपैकी कसाबसा एक जण कोणत्या तरी उपचारापर्यंत पोहोचतो. उरलेले ३७ जण कोठे जातात? काही कोठेच जात नाहीत. पण बरेच जण मंदिरात, मठात, कीर्तनाला, आपल्या यज्ञाला येतात. म्हणून परिजनहो, विज्ञान काय सांगते हे समजून घेण्याची जबाबदारी डॉक्टरांपेक्षाही आधी आपल्यावर येते.

यज्ञाच्या पूर्णाहुतीला आपण देवदक्षिणा मागतो. धन मागत नाही, एक वाईट सवय मागतो. कोणी तंबाखू अर्पण करतो, कोणी शिवीगाळ, कोणी दारू. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नसते. खरी काळजी असते ती त्यानंतरच्या चार दिवसांची.

दारू मेंदूला मंद करते. मेंदूत चेतवणारी आणि आवरणारी अशा दोन रासायनिक यंत्रणा एकमेकींना तोलून धरतात. दारू आवरणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि चेतवणाऱ्या यंत्रणेला दाबते. वर्षानुवर्षे रोज दारू येऊ लागली की तोल राखण्यासाठी मेंदू स्वतःलाच बदलून घेतो. आवरणारी बाजू सैल करतो, चेतवणारी वाढवतो. अशा माणसाची दारू एका दिवसात बंद झाली की लगाम सुटलेल्या घोड्यासारखी मेंदूची गत होते. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चढताना दिसतात, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. खेड्यापाड्यांत याला लागीर झाले म्हणतात आणि भगताला बोलावतात. जी वेळ रुग्णालयात जायची असते, ती लिंबू उतरवण्यात जाते.

प्रत्येक पिणाऱ्याला असे होते असे नाही. पण कोणाला होऊ शकते हे ओळखणे फार कठीणही नाही. संकल्प करणाऱ्याला बाजूला घेऊन प्रेमाने विचारा : सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? ती थरथर थांबवण्यासाठीच प्यावी लागते का? पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का? यातील एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले, तर संकल्प त्याच दिवशी होऊ द्या, पण दारू बंद करणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेंदूला शांत करणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात आणि साधारण आठवड्याभरात हा धोक्याचा काळ सरतो. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. तो क्रमांक आपल्या प्रत्येक केंद्राच्या फलकावर असावा, असे मला फार वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग संकल्पाच्या शक्तीवर आपला विश्वास कमी पडला का? मधुमेही साधक नवरात्राचा उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारतो, तेव्हा त्याची भक्ती कमी होत नाही. परमपूज्य गुरुदेवांनी १९७९ मध्ये हरिद्वारला ब्रह्मवर्चस शोध संस्थान उभारले, ते अध्यात्म आणि विज्ञान एकमेकांजवळ यावेत म्हणूनच. त्यांच्या अनुयायांनी तपासणीच्या कागदाला भ्यावे, हे शोभत नाही.

एका अधर्माचा उल्लेख येथेच केला पाहिजे. घरच्यांनी गुपचूप जेवणात कालवून दारू सोडवायची औषधे ठिकठिकाणी विकली जातात. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ च्या सुमारास त्याचा हा उपयोग जगापुढे आणला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात एक विषारी पदार्थ साचतो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. आमटीत मिसळून दिलेले हेच औषध जीव घेऊ शकते. शिवाय ज्याचा संकल्पच नाही, त्याच्याकडून चोरून कोणते तप घडणार आहे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. शरीरातील दारू निघून गेली, हात स्थिर झाले, यकृताचे अहवाल सुधारले. येथून पुढे विज्ञान एकटे पडते. अमेरिकेतील एक सत्यकथा या बाबतीत मला सर्वांत उद्बोधक वाटते.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन दारूने पार उद्ध्वस्त झाले होते. डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावले की हा चारित्र्याचा दोष नसून शरीर आणि मन दोघांचा आजार आहे. विल्सनना हायसे वाटले. पण आजार समजला, तरी दारू सुटली नाही. डिसेंबर १९३४ मध्ये ते पुन्हा रुग्णालयात होते. अत्यंत निराशेत त्यांनी परमेश्वराला हाक मारली आणि प्रकाशाचा, शांतीचा एक विलक्षण अनुभव त्यांना आला. आपल्याला वेड तर लागले नाही ना, या भीतीने त्यांनी डॉक्टरांनाच विचारले. डॉ. सिल्कवर्थ वैज्ञानिक होते, तो भास आहे म्हणून मोकळे झाले असते. पण त्यांनी सांगितले की हे वेड नाही, जे काही लाभले आहे ते घट्ट धरून ठेवा.

पुढचा भाग आपल्यासारख्या प्रचारकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. विल्सन अनेक महिने दारुड्यांना आपला दिव्य अनुभव सांगत फिरले. एकही सुधारला नाही. तेव्हा त्याच डॉक्टरांनी सल्ला दिला : उपदेश थांबवा, आधी त्यांना आजाराविषयी सांगा. मे १९३५ मध्ये अॅक्रन शहरात विल्सन यांची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. हे स्वतः शल्यचिकित्सक होते, म्हणजे विज्ञान जाणत होते. अडीच वर्षे एका धार्मिक मंडळात प्रार्थनेलाही जात होते. तरीही पीतच होते. ज्ञानही होते, प्रार्थनाही होती. आजवर भेटला नव्हता तो आपल्याच वाटेवर ठेचाळलेला, उपदेश न करता स्वतःची कहाणी सांगणारा सोबती. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचा स्थापना दिवस ठरला. (विल्सन यांची सिगारेट मात्र सुटली नाही. १९७१ मध्ये ते फुप्फुसाच्या रोगाने गेले. दारू सुटली की सारे सुटले, असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

या मार्गाकडे शास्त्रज्ञ बराच काळ संशयाने पाहत होते. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा, १० हजारांहून अधिक लोकांचा आढावा घेतला. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्यताप्राप्त उपचारांच्या तोडीची, काही बाबतींत सरस आढळली. मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९६१ मध्ये विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की दारूची तहान हे आत्म्याच्या पूर्णत्वाच्या तहानेचेच खालच्या पातळीवरचे रूप आहे. लॅटिन भाषेत आत्म्याला आणि मद्यार्काला एकच शब्द आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते.

आपल्याकडे हे शहाणपण वारकऱ्यांनी फार पूर्वी आचरणात आणले. गळ्यातली तुळशीची माळ काय करते ते नीट पाहा. लग्नात, वरातीत मित्र आग्रह करतात तेव्हा 'डॉक्टरांनी नको सांगितले आहे' म्हणणाऱ्याला 'एका पेल्याने काय होते' असे ऐकावे लागते. 'मी माळकरी आहे' म्हणणाऱ्यापुढचा पेला सहसा मुकाट्याने मागे घेतला जातो. माळेने त्याला नवी ओळख दिली आणि ती ओळख सांभाळणारा समाजही दिला. असे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांना आधार देतात. तेथे डॉक्टर आहेत आणि सोबतीही आहेत.

पण धर्माच्या नावाने भय घातले तर हीच शक्ती उलटते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावलेली शपथ मोडली की तो बाप अपराधाच्या ओझ्याखाली दुप्पट पितो. आता आपल्याला क्षमा नाही असे त्याला वाटते. त्याला सांगा की हा आजार जडला यात तुमचे पाप मोजायला आम्ही बसलेलो नाही, पण पथ्य तुम्हालाच पाळावे लागेल. मधुमेह कोणी मागून घेत नाही, तरी साखर वर्ज्य करावी लागते ती ज्याला मधुमेह आहे त्यालाच. पापी की रोगी, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे. रोगी म्हटल्याने त्याची जबाबदारी सरत नाही. जबाबदार धरले म्हणून औषध नाकारता येत नाही.

म्हणून एखादा भाऊ संकल्प मोडून, पिऊन सत्संगाला आला तर काय करावे? त्या रात्री त्याच्याशी वाद घालू नका. दोघांनी सोबत जाऊन त्याला सुखरूप घरी पोहोचवावे. सकाळी शुद्धीवर असताना भेटावे, पुन्हा तेच प्रश्न विचारावेत आणि गरज असेल तर सोबत दवाखान्यात जावे. संध्याकाळची सहा ते आठ ही वेळ त्याच्यासाठी सर्वांत कठीण असेल, तर त्या वेळेत त्याच्या हातात काम द्या. झोळा पुस्तकालय घेऊन फिरणे असो, शाखेतल्या रोपांना पाणी घालणे असो. ज्याने दोन-चार वर्षे दारूला स्पर्श केलेला नाही, अशा एखाद्या परिजनाशी त्याची गाठ घालून द्या. आणि त्याच्या घरी जाल तेव्हा त्याच्या पत्नीजवळही क्षणभर बसा. 'तुझीच सेवा कमी पडली' हे तिने पुष्कळांकडून ऐकलेले असते. तिला रात्री झोप लागते का, एवढे विचारा.