पाव लिटर रॉकेल

दिवाळी अंकात दिव्याविषयी लिहायचे म्हणजे चांगलेच लिहायचे, असा रिवाज आहे. दिवा म्हणजे ज्ञान, दिवा म्हणजे मांगल्य; शाळेत मुलांना निबंध सांगताना मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहे. पण ज्या दिव्याने माझ्या मनात घर केले तो देवापुढचा नव्हता. तो मासे मारण्याचा दिवा होता. त्याने मला एक प्रश्न घातला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझी चाळिशी उलटली.

आमचे गाव कुडाळ तालुक्यात. मिरगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की वहाळाला लाल पाणी येते. उन्हाळाभर नदीच्या कोंडीत दबून राहिलेले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात. वहाळातून पाटात आणि पाटातून भाताच्या खाचरांत. हे चढणीचे मासे. त्या दोनचार रात्री आमच्याकडचा भला माणूसही घरी झोपत नाही. डोक्यावर इरले, हातात कोयता आणि सोबत कोणाच्या तरी हातात बत्ती. घोटाभर पाण्यात मासा उजेडात सापडला की दिपून क्षणभर थबकतो. त्या क्षणात कोयता पडतो.

१९९१ च्या सुमारास मी दहा वर्षांचा होतो. आजोबा कोयता चालवीत, काका टोपली सांभाळीत आणि बत्ती माझ्या हातात असे. बत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स. तिचा जन्म जर्मनीतला. आमच्याकडे तिला सगळे ग्यासबत्तीच म्हणत. एरवी ती भजनाला नाहीतर दशावताराला लागायची. टाकीत रॉकेल घालायचे, स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंपाने हवा भरायची. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती जाळीत पेटली की सूं सूं करीत पांढराशुभ्र उजेड पडतो. या जाळीची एक मौज आहे. आउएर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८५ साली काढली आणि पुढे तिच्यात ९९ टक्के थोरियम व १ टक्का सेरियम असे प्रमाण बसवले. त्या काळी १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू सापडली आणि जाळ्यांसाठी लागणारे थोरियम आपल्याच किनाऱ्यावरून परदेशी जाऊ लागले. असो. सांगायचे ते इतकेच, की जाळी एकदा पेटली म्हणजे तिचे सूत जळून जाते आणि मागे राहते ती निव्वळ राखेची जाळी. धक्का लागला की ती गेलीच. म्हणून आजोबांचे एकच पालुपद असे, "बत्ती थीर धर, झिला."

बत्तीच्या एका अंगाला आजोबांनी पत्र्याचा आडोसा बसवला होता. उजेड पुढे पडे आणि धरणारा अंधारात राही. त्या आडोशामागे उभे राहून मी स्वतःची समजूत घालीत असे, की मी काही मारीत नाही. मी फक्त उजेड धरतो.

एका रात्री पाटाच्या तोंडाशी एक मोठी शेंगटी उजेडात आली. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेले. ती थबकली आणि तिने माझ्याकडे पाहिले, असे मला वाटले. माशाला कसले वाटते, हे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते. आजोबांचा हात वर गेला आणि मी बत्ती हिसडली. जाळी ढासळली. ज्योत भसकन वर आली आणि लगेच सगळीकडे अंधार झाला. "पाय घसरलो," मी सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. आम्ही बांधाबांधाने चाचपडत घरी आलो. दुसऱ्या दिवशी नवी जाळी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "केवडो होतो?"

तो प्रश्न ऐकून मला घाम फुटला. मी मासा वाचवला, खोटे बोललो आणि त्याच दुपारी टोपलीतल्या बाकीच्या माशांचे तिखले दोनदा मागून घेतले. यात पुण्य किती, पाप किती, याचा हिशेब मला अजून मांडता येत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ माझ्या वाचनात नाहीत. पण उजेड धरणारा निराळा आणि मारणारा निराळा, ही समजूत मात्र त्या रात्रीपासून सुटली. मासा माझ्या हाताने थांबत होता, आजोबांच्या हाताने मरत होता, इतकेच.

जंगलातल्या शिकारीचेही असेच. पूर्वीचे शिकारी कपाळाला कार्बाइडचा दिवा बांधून रात्री हिंडत. कित्येक रानजनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो, तो उजेड परतवतो. शिकाऱ्याला जनावर दिसतच नाही, दिसतात दोन निखारे. ज्या डोळ्यांनी त्याने अंधारात जपून राहायचे तेच डोळे त्याचा ठाव सांगतात! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कृत्रिम उजेडात शिकार करण्यास मनाई केली, ती मला मनापासून पटते. गळही फसवतो, जाळेही फसवते, हे मला मान्य आहे. पण अंधार हे दुबळ्याचे घर आहे. तेच काढून घेतले, तर त्याने जायचे कुठे?

मग आजोबा पापी होते काय? इथे ती बाटली येते.

रॉकेल रेशनवर मिळे, मोजून. आजोबा निघताना औषधाच्या जुन्या बाटलीने पाव लिटर रॉकेल मोजून बत्तीत घालीत. एक लिटरवर बत्ती सातआठ तास जळते, तेव्हा पाव लिटर म्हणजे दोनएक तास. उजेड पिवळा पडू लागला की आजोबा कोयता कमरेला अडकवीत आणि म्हणत, "त्याल सरला. चला घराक." समोर मासा उड्या मारीत असला तरी. पुढे कितीतरी वर्षे मी मुलांना आजोबांची ही गोष्ट संयमाचा दाखला म्हणून सांगत होतो. माणसाने हव्यासाला लगाम घातला की निसर्ग कसा टिकतो, वगैरे वगैरे.

मुलांना न सांगितलेला भाग असा. एका वर्षी मुंबईचे चाकरमानी मामा येताना कुठूनसे पाच लिटर रॉकेलचे कॅन घेऊन आले. त्या रात्री आजोबांनी बत्तीची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि आम्ही पहाटेपर्यंत वहाळ तुडवला. टोपली भरली, मग धोतराचा सोगा भरला, मग मामांचा टॉवेल. आजोबांना मी त्याआधी असे कधी पाहिले नव्हते. डोळे लाल, हात थरथरत होते आणि तरी "आणखी एक" चाललेच होते. घरी येऊन आजीने टोपलीकडे पाहिले, कपाळाला हात लावला आणि अर्धे मासे शेजारी वाटले.

म्हणजे संयम आजोबांत नव्हताच. तो बाटलीत होता! हे कळले तेव्हा मला वाईट वाटले. आपल्या घरातला एक साधू आपण गमावला, असे वाटले. पण एक गोष्ट उरतेच. दुसऱ्या वर्षी त्या कॅनमध्ये तीन लिटर रॉकेल शिल्लक होते, आणि तरीही मिरग लागताच आजोबांनी ती औषधाची बाटली शोधून काढली. पाव लिटर मोजले, बत्तीत घातले आणि कॅनचे झाकण घट्ट लावले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आता मला वाटते, त्या पहाटे त्यांना स्वतःची ओळख पटली असावी. आधी गरिबीने घातलेले कुंपण त्यांनी नंतर आपल्या हाताने पुन्हा बांधून घेतले. वहाळात उतरल्यावर "पुरे" म्हणण्याची ताकद आपल्यात नाही, म्हणून ते पुरेपण घरीच मोजून न्यायचे. याला मोठेपणा म्हणावे की अशक्तपणा, हे वाचकांनी ठरवावे. मला तो मोठेपणा वाटतो, पण मी त्यांचा नातू आहे.

समुद्रावर तर आता कुंपणच राहिलेले नाही. जनित्रावर चालणारे एलईडीचे झोत पाण्यावर सोडले की त्या उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, लहानांमागे मोठे, आणि मग जाळे. २०१७ साली केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी किनाऱ्यावरचे रापणकर आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार त्या झोतांच्या तक्रारी करीतच असतात. त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहावेत, असे मनात आले की माझी मलाच लाज वाटते. कारण सांगतो.

चारपाच वर्षांपूर्वी मी कपाळाला बांधायची चार्जिंगची बॅटरी आणली. मुलगा आणि पुतण्या यांना घेऊन चढणीला गेलो. हात मोकळे, उजेड लखलखीत, जाळी मोडण्याची भीती नाही, आणि रात्रभर कमी होत नाही. आम्ही दोन पोती भरली. सकाळी वीज गेलेली. फ्रिज असून नसल्यासारखा. शेजाऱ्यांना विचारावे तर त्यांच्याकडेही पोती. दुसऱ्या दिवशी वास सुटल्यावर मी माडाच्या मुळात खड्डा खणला. फावड्याने मासे लोटताना त्यांची पोटे फुटत होती आणि पिवळीधमक गाबोळी मातीत मिसळत होती. आई पडवीत बसून बघत होती. ती म्हणाली, "तुझ्या आज्याक त्याल थांबवी. तुका कोण थांबवतलो?"

त्यानंतर दोन वर्षे मी चढणीला गेलो नाही. पण मासे न खाणारा मी नव्हे, आणि मुलाचा हट्टही होता. गेल्या जूनमध्ये आम्ही ठरवले की दोनच तास. रॉकेल आता मिळत नाही, तेव्हा बाटलीच्या जागी मोबाइलवर गजर लावला. खिशात ठेवला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. दोन तासांनी वहाळाच्या मध्यावर तो वाजू लागला. मुलगा वाकून पाण्यात पाहत होता. "बाबा, पाचच मिनिटे," तो म्हणाला.

मी ओल्या हाताने पिशवी सोडली आणि गजर बंद केला.