बाराव्या पायरीवर

मावशीच्या बंगल्याचा जिना 17 पायऱ्यांचा आहे. लहानपणी सुट्टीत पुण्याला तिच्याकडे गेलो की आम्ही भावंडं एकेक पायरी गाळत तो चढायचो आणि कठड्यावरून घसरत खाली यायचो. गेल्या चैत्रात गेले, तर मावशी त्याच जिन्याच्या बाराव्या पायरीवर बसलेली दिसली. मांडीवर फुलांची परडी, एक हात कठड्याला. देवघर वरच्या मजल्यावर आहे. ‘‘दम नाही लागला गं, जरा टेकलेय,’’ ती म्हणाली. मावशी 81 वर्षांची आहे.

बंगला कोणत्या वयाला मानवतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

लहान मुलांना तो मानवतो, असं आपण धरूनच चालतो. अंगण, माती, हाताला लागणारी पेरूची फांदी. आम्हाला ते सगळं मिळालं, पण तेव्हा शेजारच्या प्रत्येक बंगल्यात तीन-चार मुलं होती. आज त्याच गल्लीत संध्याकाळी फाटकं बंद असतात, आणि पलीकडच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मात्र पोरांचा गलका असतो. सवंगडी नसलेल्या अंगणात एकट्या मुलाने किती वेळ चेंडू भिंतीवर मारायचा?

हे बंगले बांधले ते चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसांनी. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे कोसळले, आणि पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती, प्लॉटच्या सहकारी सोसायट्या शहराच्या कडेला उभ्या राहिल्या. वाड्यातल्या दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास आणि पातळ भिंतींतून ऐकू जाणारी भांडणं सोसलेल्या त्या पिढीला स्वतःच्या चार भिंती म्हणजे मोठी सुटका वाटली. काकांनी कर्ज काढलं, ऑफिसला जाण्याआधी रोज पहाटे बांधकामावर स्वतः पाणी मारलं. त्या घराबद्दल मला आदर आहे. पण त्याचा नकाशा पंचेचाळिशीच्या गुडघ्यांना धरून काढलेला होता. ते गुडघे 80 वर्षांचे होतील, हा विचार तेव्हा कोणीच केला नाही.

बंगला हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याच देशातून, बंगालच्या बसक्या घरांवरून. इंग्लंडमध्ये तो एकमजली घरासाठी वापरतात आणि निवृत्त माणसं मुद्दाम असं घर शोधतात, कारण त्याला जिना नसतो. आपल्याकडे शब्द तोच राहिला आणि घर वर चढलं. झोपायच्या खोल्या वर, गच्ची त्याच्याही वर. शिवाय पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दोन-अडीच फूट जोतं. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट उतार धरतात. म्हणजे अडीच फुटांच्या जोत्याला 30 फुटांचा उतार हवा. बहुतेक बंगल्यांच्या पुढच्या अंगणात एवढी सरळ जागाच नसते.

आणि जिना तर दिसतो तरी. बाकीचं दिसत नाही. पाणी येण्याची वेळ लक्षात ठेवून मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. पावसाळ्याआधी गच्चीच्या पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, वाळवीवर लक्ष ठेवायचं, आंब्याची फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडू नये म्हणून माणूस शोधायचा. रात्री फाटकाला कुलूप, मागच्या दाराला कडी, वरच्या खिडक्या. काका होते तोवर ही कामं दोघांत वाटलेली होती. आता पाच खोल्यांपैकी तीन बंद असतात, आणि त्या तिन्ही खोल्यांची धूळ मावशीच्या जिवाला असते.

मावशीच्या मुलांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, दोघंही आईवर जीव टाकतात. थोरला परदेशात आहे. तो म्हणतो, बंगला विकायचा नाही, आमचं बालपण तिथे आहे. धाकटा मुंबईत आहे. तो म्हणतो, आजच विकू आणि आईला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणू, तिथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे. मला दोघांचंही पटत नाही. थोरल्याच्या आठवणी जपण्याचं काम 81 वर्षांच्या बाईला रोज झाडू मारून करावं लागतं. धाकट्याच्या फ्लॅटमध्ये तिला सगळं मिळेल, पण अंधारात न चाचपडता हाताला लागणारं दिव्याचं बटण मिळणार नाही. सकाळी फुलपुडी टाकणारा आणि दोन दिवस पुडी उचललेली दिसली नाही तर बेल वाजवणारा माणूसही मिळणार नाही. म्हातारपणी घर बदलणं म्हणजे अशा पन्नास माणसांना आणि सवयींना एका दिवसात मुकणं असतं.

म्हणून मला वाटतं, हा निर्णय ऐंशीच्या घरात घ्यायचा नव्हे, साठीत घ्यायचा. पाय चालतात, नवी ओळख करून घ्यायची हौस असते, तेव्हाच ठरवावं. खालच्या मजल्यावर सगळं आणायचं, वरचा मजला एखाद्या कुटुंबाला भाड्याने द्यायचा, की ज्येष्ठांसाठीच्या एखाद्या संकुलात जायचं. आपल्या परंपरेने वयाबरोबर निवास बदलण्याची कल्पना केलेलीच होती. तिला वानप्रस्थ म्हटलं. त्यातली एक गोष्ट मात्र आपण विसरतो. वानप्रस्थाला निघायचं ते गृहस्थाने स्वतः ठरवायचं असतं. मुलांनी त्याला वनात नेऊन सोडायचं नसतं आणि हात धरून घरात अडवायचंही नसतं.

घर कोणाच्या नावावर, हा प्रश्नही इथेच येतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे ‘आत्ताच नावावर करून टाका’ हा आग्रह वाढला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्याचं कलम 23 मात्र प्रत्येक ज्येष्ठाला माहीत असावं. आपला सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या. मुलांवर अविश्वास म्हणून नको, स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज म्हणून घ्या.

त्या दिवशी मी मावशीच्या शेजारी तेराव्या पायरीवर बसले आणि विचारलं, ‘‘तुला काय हवंय?’’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘देव खाली आणायचेत गं. पण देवघर यांनी वर बांधलंय. मी हलवलं तर मुलांना वाटेल, बाबा गेले आणि आईने त्यांचं मोडलं.’’ थोड्या वेळाने आणखी एक सांगितलं. रात्री कुलूप लावून परत येताना तिला भीती वाटते. अंगणात कोणी असेल याची नाही, आपण पडलो तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही याची.

बंगला ठेवायचा की विकायचा, यावर मुलांची दोन वर्षं फोनवर चर्चा चालली होती. या दोन गोष्टी तीत एकदाही आल्या नव्हत्या. मावशीला कोणी विचारलंच नव्हतं.

देव आता खालच्या खोलीत आहेत, पूर्वेच्या भिंतीला. फाटकाचं कुलूप रात्री शेजारचा मुलगा लावून जातो. बंगल्याचं काय करायचं, ते मावशी दिवाळीनंतर सांगणार आहे आणि तोवर कोणी विषय काढायचा नाही, असं तिने दोन्ही मुलांना बजावलं आहे.

तुमचे आईवडील अशा घरात राहत असतील, तर येत्या रविवारी जेवून लगेच परतू नका. रात्री तिथे राहा. मोटर तुम्ही लावा, वरच्या खिडक्या तुम्ही बंद करा, फाटकापर्यंत अंधारात जाऊन या. मग त्यांच्याजवळ बसून त्यांना काय हवं आहे ते विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.