मधली ओवी राहिली

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचे वाचन : श्रीदासबोध, दशक ११, समास ३ (शिकवण निरूपण)



आजच्या समासात समर्थांनी चक्क दिवसाचं वेळापत्रक दिलंय. पण त्याआधी ते एक हिशेब मांडतात. माणसाचं आयुष्य शंभर वर्षांचं धरा. त्यातलं बालपण नकळत जातं, तारुण्य विषयांच्या मागे संपतं, म्हातारपण आजारांत जातं. मग देवाचं नाव घ्यायला उरलं काय? हा हिशेब झाल्यावर सांगतात, पहाटे ऊठ, काहीतरी पाठांतर कर, जमेल तसं देवाला आठव, स्नान-संध्या-पूजा आटप, थोडं खा, आणि मग आपल्या कामधंद्याला लाग.

हा समास मी आधी अनेकदा वाचला होता. पण तो कळला गेल्या महिन्यात, आमच्या लालबागच्या घरात.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांचा रोज पहाटे एक समास वाचायचा नेम. ते मला म्हणाले, "तेवढे दिवस तू वाचून दाखवशील का?" मी म्हटलं, "हो, त्यात काय!" लगेच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये सकाळी सातचा रिमाइंडर लावला. पहिल्या दिवशी रात्री उशिरापर्यंत कॉल चालला, म्हणून उठलोच नाही. दुसऱ्या दिवशी रिलीज होतं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, रविवारी दोन समास वाचू. असे अकरा दिवस गेले. बाबा एकदाही बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी बसलो. नेमका हाच समास होता. अर्ध्यावर आलो आणि मांडीवरचा मोबाईल थरथरला. मी फक्त एक नजर टाकली आणि पुन्हा वाचायला लागलो.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "मधली एक ओवी राहिली."

मी मागे जाऊन पाहिलं. राहिलेली ओवी कोणती असावी? ज्याचं चित्त ठिकाणावर नसतं तो चुकतो, फसतो, विसरतो, हातातलं सांडतो आणि नंतर आठवलं की चरफडतो, अशा अर्थाची! दुश्चितपणाबद्दलचीच ओवी मी दुश्चितपणे गाळली होती. आम्ही दोघंही हसलो. पण मग माझ्या लक्षात आलं, बाबांना तर समास पाठच होता. त्यांना वाचणारा नको होता, शेजारी बसणारा मुलगा हवा होता.

नंतर चहा पिताना बाबा गिरणीबद्दल बोलले. १९८२ च्या संपापर्यंत ते साचेखात्यात होते. तेव्हा अख्ख्या गिरणगावाचा दिवस भोंग्यावर चालायचा. पाळीवर कधी जायचं ते भोंगा ठरवायचा, तो काही आपल्या हातात नव्हता. "पण साच्यासमोर उभं राहिल्यावर लक्ष कुठे ठेवायचं ते आपल्या हातात होतं," बाबा म्हणाले. "धागा तुटलेला दिसला नाही तर तेवढं कापड वाया. वेळ भरली, पण काम झालं का?"

संपानंतर भोंगे हळूहळू बंद पडले. आज मी करी रोडचा पूल ओलांडून ऑफिसला जातो, तेही एका जुन्या गिरणीच्याच जागेवर उभं आहे. मला वाटायचं, आपल्यावर भोंगा नाही, आपण आपल्या वेळेचे मालक. खरं तर माझा भोंगा माझ्या खिशात आहे, आणि तो तीन पाळ्यांत नाही, दर तीन मिनिटांनी वाजतो.

आपण म्हणतो, "वेळच मिळत नाही." दासबोधाचे दशक २०, समास २००. रोज एक समास वाचला तरी २०० दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो आणि वर्षाचे १६५ दिवस शिल्लक राहतात. एका समासाला लागतात दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा वेळ नव्हता हे माझं खोटं होतं. वेळ होता, चित्त नव्हतं. आणि जे महत्त्वाचं म्हणत होतो ते मी उरलेल्या वेळेत ढकललं होतं. उरलेला वेळ नावाची गोष्टच नसते.

कुणी म्हणेल, "समर्थच सांगतात ना, आधी प्रपंच नेटका करा?" हो, बाराव्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगतात. पण नेटका म्हणजे सगळा वेळ खाणारा नव्हे. आजच्याच समासात ते म्हणतात, ज्याचा जो व्यवसाय असेल तिथे त्याने सावध असावं, आणि संसार व परमार्थ या दोन्हीकडे एकही क्षण वाया जाऊ देऊ नये. ऑफिस सोडा असं ते कुठेही म्हणत नाहीत. ऑफिसात असाल तेव्हा ऑफिसात असा, पोथीपुढे असाल तेव्हा पोथीपुढे असा, एवढंच.

आजचा संकल्प :

१. सकाळी आधी समास, मग मोबाईल. वाचताना मोबाईल दुसऱ्या खोलीत.

२. ऑफिसात एका वेळी एकच काम. मन लावून केलेलं काम लवकर संपतं, हा माझा अनुभव आहे.

३. रात्री झोपताना स्वतःला एकच प्रश्न : आज कोणती ओवी गाळली? ती पोथीतलीच असेल असं नाही. आईचा फोन असेल, मुलीची गोष्ट असेल.

बाबांचे डोळे आता बरे आहेत. ते स्वतः वाचू शकतात. तरी सकाळी सातला चष्मा बाजूला ठेवून पोथी माझ्याकडे सरकवतात. मीही काही विचारत नाही, वाचायला लागतो.

हे रामराया, दिवस तू दिलास, तो घालवण्याची बुद्धी माझी होती. आता तो लावण्याची बुद्धी तूच दे.

उद्याचे वाचन : दशक ११, समास ४.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥